सर्दी-खोकल्यात काय पिता? काढा आटवावा की झाकून मुरवावा?

माजघर
थंडीनं जोर धरल्यापासून आमच्या इमारतीत एकाआड एक दार खोकतंय. घरीही नवरा आणि धाकटी (वय सात) दोघं नाक ओढत बसलेत. ताप नाही, पण घसा खवखवतोय, डोकं जड आहे, तोंडाला चव नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की साधं पडसं आहे, आराम करा, गरम पीत राहा.

आता हे ‘गरम’ करायचं कसं यावरून घरात दोन पक्ष पडलेत. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, काढा म्हणजे चार पेले पाणी ठेवायचं आणि एक पेला उरेपर्यंत आटवायचं. सुंठ, मिरे, ज्येष्ठमध, तुळस, गवती चहा, सगळं एकदम पातेल्यात. सासूबाई दापोलीच्या. त्यांच्या मते पाण्याला उकळी आली की गॅस बंद, मग पाती आणि तुळस टाकून वर घट्ट झाकण. आटवलं की वास जातो आणि कडूपणा तेवढा उरतो, असं त्या ठामपणे सांगतात.

मला चमत्कार नकोय. घशाला आराम पडावा आणि मुलीनं तोंड न वेंगाडता प्यावं, एवढंच हवंय. तुमच्याकडे काय करतात? मापासकट लिहा, ‘थोडंसं’ आणि ‘अंदाजे’ नको. काढाच हवा असं नाही. सार, कढण, सूप, दूध, काहीही चालेल.

अंगणातली_तुळस
आटवायचाच! उकळी न काढता काढा कसला?

आमचं माप: तीन कप पाणी, अर्धा इंच सुंठ (ठेचून), चार मिरे, दोन लवंगा, बोटाच्या पेराएवढी ज्येष्ठमधाची कांडी, पेरभर दालचिनी, आठ-दहा तुळशीची पानं. मंद आचेवर निम्मं होऊ द्यायचं. गाळून सुपारीएवढा गूळ. मिरे आणि सुंठ खलबत्त्यात जेमतेम फुटतील इतकेच ठेचा. पूड घातली तर काढा गढूळ होतो आणि तळाचा घोट घशाला झोंबतो.

समुद्रफेन
ताई, मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूनं. आम्ही रत्नागिरीचे. परड्यात गवती चहा असतोच, विहिरीच्या पाटाच्या कडेला. पाती कापून आणायची, धुवायची, तिची सैल गाठ मारायची म्हणजे गाळताना त्रास होत नाही. पाणी उकळलं की गाठ आत, गॅस बंद, झाकण, दहा मिनिटं.

पाती उकळत ठेवली की घरभर घमघमाट सुटतो आणि सगळे म्हणतात, वा, काय वास! तो वास कपात हवा होता, तो हवेत गेला. आटवून उरतं ते गवताचं पाणी. तुळशीचंही तेच.

अंगणातली_तुळस
@समुद्रफेन, गवती चहापुरतं एकवेळ मान्य. पण सुंठ आणि ज्येष्ठमध दहा मिनिटं पाण्यात बुडवून काय होणार? कांडी जशीच्या तशी बाहेर येते.

रसशाळा
मी वैद्य आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुम्ही दोघीही बरोबर आहात, आणि हे भांडण फार जुनं आहे. आयुर्वेदात वनस्पतीचा गुण काढून घेण्याच्या मूळ पाच पद्धती सांगितल्यात: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. त्यातला क्वाथ म्हणजे आपला आटवलेला काढा, आणि फांट म्हणजे उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलेलं.

क्वाथाला साधारण एक भाग द्रव्य आणि सोळा भाग पाणी घेतात आणि चौथा किंवा आठवा हिस्सा उरवतात. म्हणजे दहा ग्रॅम भरड असेल तर १६० मिली पाणी आणि आटवून ४० मिली. मंद आच, उघडं भांडं. ही रीत मुळं, खोडं, साली, कठीण फळं यांच्यासाठी. सुंठ, ज्येष्ठमध, पिंपळी, अडुळशाची जून पानं इथे.

फांटाला उकळतं पाणी चौपट. ज्यांचा गुण सुगंधी तेलात असतो, त्या नाजूक पानाफुलांसाठी ही रीत. गवती चहा, तुळस, पुदिना इथे. ही तेलं वाफेबरोबर उडतात, म्हणून झाकण. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पुन्हा कपातच पाडायचे, टिपून टाकायचे नाहीत.

लवंग आणि दालचिनी मधल्या घरातल्या. कठीण आहेत, पण सुगंधीही आहेत. त्या मी शेवटची पाच मिनिटं टाकतो आणि झाकण ठेवतो.

आणि घरगुती पेयाला क्वाथाचं औषधी प्रमाण वापरू नका. ४० मिलीचा घोट वैद्यानं द्यायचा असतो, तो पेलाभर प्यायचा नसतो. अंगणातली_तुळस यांनी दिलेलं पातळ माप घरासाठी योग्य आहे.

वाटीचमचा
वाचनखूण साठवली. झाकणाचे थेंब मी आजवर ओट्यावरच झटकत आले.

कोयनाकाठ
रसशाळा, फार छान समजावलंत. +१

स्टेथो
ॲलोपॅथीवाला म्हणून माझे दोन शब्द. गरम पेयानं बरं वाटतं हा मनाचा खेळ आहे असं समजू नका. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या सर्दीवर काम करणाऱ्या केंद्रात २००८ साली ३० सर्दीवाल्यांवर साधा प्रयोग झाला. फळाचं सरबत तेच, फक्त गरम आणि खोलीच्या तापमानाचं अशी तुलना. गरम पेयानं वाहतं नाक, खोकला, शिंका, घसादुखी, हुडहुडी आणि थकवा या सगळ्यात लगेच आराम वाटला. साध्या तापमानाच्या सरबतानं नाक, खोकला आणि शिंका यांपुरताच फरक पडला. गंमत अशी की नाकातून हवा किती जाते हे यंत्रानं मोजलं तेव्हा त्यात काही बदल नव्हता. म्हणजे नाक मोकळं झालं नव्हतं, माणसाला हलकं वाटत होतं. आजारी माणसाला ते हलकं वाटणं फार मोलाचं असतं.

मात्र विषाणू यानं मरत नाही. पडसं साधारण आठवडा-दहा दिवसांत आपलं आपण जातं. फ्लू वेगळा. तो अचानक येतो, सणसणून ताप, अंग मोडून येणं, उठवत नाही अशी अवस्था. घरात वयस्कर, गरोदर, दमा किंवा मधुमेहवाले कुणी असतील आणि अशी लक्षणं दिसली तर काढ्यावर दोन दिवस घालवू नका. फ्लूचं विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

रानवाट
डॉक्टरसाहेब, बाकी पटलं, पण सगळंच ‘फक्त आराम’ या खात्यात टाकू नका. अडुळशाचं काय? आमच्या जुन्नरकडे कुंपणाला अडुळसाच असतो. खोकला झाला की आजी पानं वाफवून रस काढायची आणि मधातून चमचाभर द्यायची. छातीतला कफ सुटायचा, डोळ्यांनी बघितलंय.

स्टेथो
@रानवाट, अडुळशाचा मुद्दा अगदी रास्त. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्याचा अभ्यास करतानाच ब्रोमहेक्सीन तयार झालं आणि त्याच्यापासून पुढे अँब्रोक्सॉल. आज खोकल्याच्या अनेक बाटल्यांवर ही नावं दिसतात. कफ पातळ करणं हेच त्यांचं काम. तुमच्या आजींचं निरीक्षण पक्कं होतं.

एक सूचना मात्र ठळक लिहितो: अडुळसा गरोदरपणात अजिबात नको. त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

रस्साप्रेमी
पानं-मुळं झाली असतील तर आता कोल्हापूरचं ऐका. आमच्याकडे कुणी शिंकलं की शेजारचेही विचारतात, "आज अळणी आहे काय?"

मटण किंवा गावठी कोंबडी, हाडासकट अर्धा किलो. थोड्या तेलात कांदा, आलं-लसूण वाटण, हळद, मीठ. मटण परतायचं, झाकणावर पाणी ठेवून त्याच्याच अंगच्या पाण्यात शिजू द्यायचं, मग दीड लिटर आधण घालायचं. तिखट नाही, मसाला नाही, खोबरं नाही. मटण मऊ झालं की वरचं पाणी काढून घ्यायचं, तेच अळणी. वाटीत घेऊन त्यावर भरडलेले मिरे आणि हवं तर लिंबाचे चार थेंब. तांबडा-पांढरा बरे झाल्यावर. आजारी माणसाला अळणीच.

स्टेथो
रस्साप्रेमींच्या बाजूनंही पुरावा आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली कोंबडीचं घरगुती सूप प्रयोगशाळेत तपासलं, तर विशिष्ट पांढऱ्या पेशींची धावपळ त्यानं मंदावलेली दिसली. सर्दीत जी सूज आणि शेंबूड येतो त्यात या पेशींचा हात असतो. हे काचेच्या नळीतलं आहे, माणसात तसंच होईल असं नाही. पण पाणी, मीठ आणि प्रथिनं एकाच वाटीत मिळतात, आणि चव नसलेल्या तोंडाला ते गोड लागतं.

वाटीचमचा
आम्ही शाकाहारी. आम्हाला कुणी वाली?

कोयनाकाठ
आहे की! हुलग्याचं माडगं. आमच्या पाटण भागात थंडी-पावसाळ्यात हे घरोघर होतं, आणि सर्दी झालेल्याला तर पहिल्यांदा हेच.

हुलगे निवडून मंद आचेवर खमंग भाजायचे, गार झाले की जात्यावर किंवा गिरणीत दळून आणायचे. पीठ महिनाभर टिकतं. चार वाट्या माडग्याला: दोन मोठे चमचे पीठ अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा. साडेतीन वाट्या पाण्यात पाव वाटी गूळ विरघळवून गाळून घ्या (गुळात खडे असतात), उकळी आणा. आच कमी करून कालवलेलं पीठ धारेनं सोडा आणि हात न थांबवता ढवळा. सात-आठ मिनिटांत कच्चा वास जातो आणि पळीला पातळसा थर धरतो. शेवटी पाव चमचा सुंठपूड, चिमूटभर मीठ. वाटीत घेतल्यावर वरून तूप.

तिखट हवं असेल तर गूळ काढा आणि तुपात जिरे, ठेचलेला लसूण नि एक हिरवी मिरची यांची फोडणी द्या. माझे वडील तिखटच पितात, भाकरी कुस्करून. काढा रिकाम्या पोटी जळजळतो, माडगं पोटाला धरतं. ज्याला दोन दिवस जेवण गेलेलं नाही त्याला काढ्यापेक्षा माडग्याची गरज जास्त असते, हे माझं स्पष्ट मत.

समुद्रफेन
तुमचे हुलगे म्हणजे आमचे कुळीथ. कुळथाची पिठी आमच्याकडे अशीच, फक्त गुळाऐवजी दोन आमसुलं आणि लसणाची फोडणी. पातळ करायची, मऊ भातावर ओतायची किंवा नुसती वाटीनं प्यायची. नाकातून पाणी यायला लागतं आणि डोकं उतरतं.

विश्वामित्री
बडोद्याहून. चार पिढ्या इथे, घरात मराठी, स्वयंपाकघर अर्धं गुजराती. आमच्याकडे सर्दीला राब. बाजरीचं पीठ तुपात बदामी भाजायचं, गुळाचं पाणी ओतायचं, सुंठ आणि गंठोडा. गंठोडा म्हणजे पिंपळीमूळ, ते इथल्या गांध्याकडे, म्हणजे मसाले-जडीबुटी विकणाऱ्याकडे, मिळतं. एका माणसाला एक मोठा चमचा पीठ, एक चमचा तूप, दीड कप पाणी, पाव चमचा प्रत्येकी सुंठ-गंठोडा. कपात ओतता येईल इतकी पातळ हवी. रात्री पिऊन पांघरूण घेऊन झोपायचं.

कावेरीतीर
माझं मराठी तंजावरी आहे, सांभाळून घ्या. आमच्या घरी सर्दी झाली की मिऱ्यांचं रसम. एक चमचा मिरे, एक चमचा जिरे, चार पाकळ्या लसूण जाडसर कुटायचे. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ तीन कप पाण्यात, हळद, हिंग, मीठ घालून चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत उकळायचा. मग कुटलेलं घालायचं, आणि वर फेस जमला की लगेच उतरवायचं. फेस आल्यावर उकळू द्यायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. वरून तुपात मोहरी-कढीपत्ता. पेल्यातून प्यायचं.

वर वैद्यांनी जे लिहिलं तेच इथे दिसतं. चिंच आधी उकळा, मिरे-लसूण शेवटी.

रसशाळा
@कावेरीतीर, अगदी तेच. तुमचं मराठी ऐकायला आवडलं, अजून लिहा.

अंगणातली_तुळस
हळदीचं दूध कुणीच कसं काढलं नाही अजून?

वाटीचमचा
दुधानं कफ वाढतो ना? आमच्याकडे सर्दीत दूध बंद.

स्टेथो
ही समजूत जगभर आहे. ऑस्ट्रेलियात स्वयंसेवकांना सर्दीचा विषाणू देऊन त्यांचं दूध पिणं आणि नाकाचा स्राव यांची नोंद ठेवली होती. १९९० साली ती प्रसिद्ध झाली. दूध पिणाऱ्यांना जास्त स्राव झाला नाही. दूध लाळेत मिसळून थोडा वेळ दाटसर थर जाणवतो, तो कफ नव्हे.

रसशाळा
इथे माझा अनुभव थोडा वेगळा आहे. भूक मेलेली असताना, जीभ पांढरी असताना मी दूध देत नाही, जड पडतं. भूक लागली, कोरडा खोकला राहिला, की रात्री हळदीचं दूध उत्तम. एक कप दूध, पाव कप पाणी, पाव चमचा हळद, दोन ठेचलेले मिरे. पाणी आटेपर्यंत मंद उकळायचं. कच्ची हळद वरून भुरभुरवू नका, ती शिजू द्या. मिरे हवेतच. हळदीतलं कर्क्युमिन एरवी अंगी फारसं लागत नाही, मिऱ्यातल्या पिपेरीनमुळे ते जास्त शोषलं जातं.

स्टेथो
एवढ्या मतभेदाला जागा आहे. रुग्णाला खावंसं वाटत नसेल तर मीही आग्रह करत नाही.

बर्लिनकर
इथे नोव्हेंबरपासून अर्धं ऑफिस शिंकत असतं. औषधाच्या दुकानात गेलं की आधी गोळी नाही, चहाचं खोकं पुढे करतात. थाइमचा चहा खोकल्याला, सेजचा घशाला, लिंडेनच्या फुलांचा हुडहुडीला. सगळे फांट. खोक्यावरच लिहिलेलं असतं की उकळतं पाणी ओता आणि झाकून ठेवा. रसशाळांचा प्रतिसाद वाचून मला घरी बसून इथल्या सगळ्या चहांचा उलगडा झाला.

थाइमला जो उग्र वास येतो तो थायमॉलचा, आणि आपल्या ओव्यातही तेच थायमॉल असतं. इथे ओवा आशियाई दुकानात मिळतो, पण थाइम खिडकीतल्या कुंडीत वाढतो, म्हणून मी ओव्याच्या जागी सर्रास तोच वापरतो. एक चमचा सुका थाइम, एक कप उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकण.

अवांतर: इथल्या आज्या कांदा चिरून त्यावर साखर किंवा मध घालून रात्रभर ठेवतात आणि सुटलेलं पाणी खोकल्याला चमचा-चमचा देतात. माझ्या बायकोनं हे फोनवर नाशिकला सांगितलं तर तिची आई म्हणाली, "यात नवीन काय?"

रानवाट
मधाचा विषय निघाला तर विचारतो. गरम काढ्यात मध घालू नये म्हणतात. खरं का?

रसशाळा
आयुर्वेदात मध आणि उष्णता यांचा विरोध स्पष्ट सांगितलाय. काढा पिण्याजोगा कोमट होऊ द्या, मग मध. उकळताना गोड हवं असेल तर ज्येष्ठमध घाला, तो मुळातच गोड असतो.

स्टेथो
कोमटच घाला, सुगंधही राहतो. खोकल्यासाठी मध खरोखर चांगला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली लहान मुलांच्या खोकल्यासंबंधी जी पुस्तिका काढली त्यात घसा शांत करायला मधाचा उल्लेख आहे, आणि ब्रिटनचे डॉक्टरही आता साध्या खोकल्याला आधी मध घ्या म्हणतात. सात वर्षांच्या मुलीला झोपताना एक चमचा जरूर द्या, माजघर.

पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको. मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंची बीजं असू शकतात, आणि एवढ्या लहान आतड्यात ती रुजतात. बारशाला मध चाटवायची हौस कितीही असली तरी नको.

पाटावरवंटा
उशिरा आले, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२० आठवा. आयुष मंत्रालयानं तेव्हा जे मिश्रण सुचवलं ते अगदी सौम्य होतं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरे एक, आणि दिवसातून एक-दोनदा. आमच्या गल्लीत लोक ते दिवसातून पाच-सहा वेळा पीत होते, त्यात आणखी लवंगा आणि मूठभर मिरे. तोंडं आली, छातीत जळजळ, माझ्या आत्यांना मूळव्याधीचा त्रास उलटला. सोसायटीत एकमेकांना जास्त जहाल कृती पाठवायची चढाओढ लागली होती. कृपा करून जहाल म्हणजे गुणकारी हे डोक्यातून काढा.

रसशाळा
हात जोडून अनुमोदन. पित्तप्रकृतीच्या माणसाला, उन्हाळ्यात आणि नाकातून रक्त येत असताना मिरे-सुंठ-लवंग हा मारा करू नये. अशांना धणे-जिऱ्याचं पाणी पुरतं. एक चमचा धणे, अर्धा चमचा जिरे, दोन कप पाणी, दीड उरवायचं, खडीसाखर.

आणि ज्येष्ठमध. घशाला त्याच्याइतकं सौम्य काही नाही, पण रक्तदाबवाल्यांनी तो रोज घेऊ नये. त्यानं रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

बर्लिनकर
दालचिनीचंही लिहितो. बाजारात मिळणारी जाड, टणक सालीची दालचिनी बहुधा कॅशिया असते. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते जास्त प्रमाणात यकृताला बाधतं. इथल्या सरकारी संस्थेनं २००६ सालीच याबद्दल सावध केलं होतं. महिनोन्‌महिने रोज पिणार असाल तर पातळ, कागदी पदरांची सिलोन दालचिनी बघा. सर्दीच्या चार दिवसांत पेरभर तुकड्याची काळजी नको.

कट्ट्यावरचा_पोर
हॉस्टेलमधून लिहितोय. गॅस नाही, इंडक्शन नाही, फक्त पाणी तापवायची किटली. वरच्या कृती वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण मी काय करू?

समुद्रफेन
बाळा, फांट आहे ना! झाकणाचा थर्मास आणायचा. त्यात चार इंच पाती, पाच तुळशीची पानं, किसलेलं आलं अर्धा चमचा. किटलीतलं उकळतं पाणी ओतून बूच लाव. दहा मिनिटांनी गाळून घे. लिंबू आणि मध नंतर.

रसशाळा
सुंठ-ज्येष्ठमधही थर्मासात जमतं. भरड करून रात्री उकळतं पाणी ओतून ठेव. थर्मास तासन्‌तास गरम राहतो, त्यामुळे सकाळपर्यंत बराच गुण उतरतो.

कोयनाकाठ
हुलग्याचं भाजलेलं पीठ घरून मागवून घे. किटलीत पीठ घालू नकोस, करपेल. मेसच्या आचाऱ्याला सांग, तो पाच मिनिटांत करून देईल.

कट्ट्यावरचा_पोर
सगळ्यांचे मनापासून आभार. मेसच्या काकांना विचारलं. ते सोलापूरचे निघाले, म्हणाले उद्या सगळ्यांसाठीच करतो.

कोयनाकाठ
वा! माडगं पोचलं.

स्टेथो
थर्मासवरून एक राहिलं. कडकडीत पिऊ नका. ६५ अंशांच्या वरची पेयं नेहमी पिणं अन्ननलिकेला घातक ठरू शकतं, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०१६ साली दिलाय. कप हातात सुखानं धरता आला की प्या. आणि लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यासमोर वाफ द्यायला बसवू नका. पातेलं कलंडून भाजलेली मुलं आम्ही दवाखान्यात फार बघतो. त्यापेक्षा गरम सार प्यायला द्या.

माजघर
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. काल रसशाळांच्या सांगण्यावरून दोन्ही रीती एकाच पातेल्यात केल्या. तीन कप पाण्यात ठेचलेली सुंठ आणि ज्येष्ठमध, मंद आचेवर दोन कपांपर्यंत. मग लवंग-दालचिनी पाच मिनिटं. गॅस बंद करून गवती चहाची गाठ आणि तुळस, दहा मिनिटं झाकण. सासूबाईंनी झाकण स्वतःच्या हातानं ठेवलं आणि थेंबही पातेल्यात पाडले. रंग आणि दाटपणा माहेरचा, वास दापोलीचा. लेकीनं अर्धा कप मागून घेतला.

एक अडचण: नवऱ्याला त्यात दूध हवं होतं. गूळ घातलेल्या काढ्यात दूध ओतलं आणि फाटलं. गवती चहाच्या चहाचंही कधी कधी असं होतं. काय करावं?

अंगणातली_तुळस
दूध काढ्यात उकळायचं नाही. गूळ नि दूध एकत्र उकळलं की फाटतं. दूध वेगळं तापवा, काढा गाळून कपात घ्या, वरून दूध ओता, गूळ सगळ्यात शेवटी, गॅसवरून उतरल्यावर. चिकीचा गूळ टाळा, पिवळा घ्या.

समुद्रफेन
आलं ताजं असेल तर तेही दूध फाडतं. आलं आधी पाण्यात चांगलं उकळून घ्यायचं, मग दूध. कच्चं आलं दुधात किसायचं नाही.

वाटीचमचा
विषयाला सोडून विचारते, पण ठाण्यात ताजी पाती कुठे मिळेल?

समुद्रफेन
भाजीवाल्यांकडे मिळते. "चहाची पात" म्हणून मागा, बहुतेक ठिकाणी आलं-पुदिन्याच्या जुडीशेजारीच असते. जुडीत मुळासकट एखादं ठोंब दिसलं तर ते वेगळं काढा, वरची पाती चार बोटं ठेवून कापा आणि कुंडीत लावा. ऊन भरपूर हवं, पाणी तुंबायला नको. पाती काठावर फार धारदार असते, तोडताना हाताला चिरते, म्हणून कात्रीनं कापा.

रानवाट
माझा खोकला तीन आठवडे झाले तरी रेंगाळलाय. अडुळसा चालू आहे. आणखी काय घेऊ?

स्टेथो
@रानवाट, आता पेय नको, तपासणी हवी. तीन आठवड्यांचा खोकला म्हणजे छाती ऐकून घेणं आणि गरज वाटली तर एक्स-रे, थुंकीची तपासणी. उद्या सकाळीच जा. ताप, वजन घटणं, रात्री घाम यातलं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

रसशाळा
मीही हेच सांगणार होतो. रानवाट, जाऊन या आणि इथे कळवा.

रानवाट
बरं. उद्याची वेळ घेतलीय.